टिपेच्याही वर

आपल्याकडे तारसप्तक ज्याचं त्याचं असतं. काळी पाचमध्ये गाणाऱ्याचा तार षड्ज वेगळा आणि पांढरी दोनमध्ये गाणाऱ्याचा वेगळा. पट्टी बदलली की टीपही सरकली. युरोपी संगीतातलं ‘अल्टिस्सिमो’ मात्र जागेला खिळलेलं. तिथल्या जुन्या हिशेबात पाच रेघांच्या लगेच वरचं सप्तक ते ‘इन आल्ट’ आणि त्याच्याही वरचं ‘इन अल्टिस्सिमो’. यातून एक गंमत होते. मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरामध्ये (१७९१) रात्रीची राणी ज्या ‘एफ’ला जाऊन भिडते, तो सेकंदाला सुमारे १४०० कंपनांचा. ऐकताना अंगावर काटा येतो. पण काटेकोर पाहिलं तर तो ‘इन आल्ट’चा शेवटचा स्वर, अल्टिस्सिमोची हद्द पुढच्या ‘जी’पासून सुरू होते! ही सीमारेषा आज फारसं कुणी पाळत नाही, आणि पाळावी असं मलाही वाटत नाही. सॅक्सोफोनवाल्यांचं अल्टिस्सिमो आणखी निराळं. वाद्याच्या चाव्या जिथे संपतात, तिथून ते सुरू होतं. जिभेची ठेवण आणि घशाची पोकळी बदलून वादक मूळ स्वराऐवजी त्याच्या पोटातला वरचा उपस्वर बोलता करतो. नुसते ओठ आवळून जोर लावला तर किंचाळी तेवढी निघते. सॅक्सोफोनवादक सिगुर्ड राशरने हे अंग असं कमावलं होतं की संगीतकार इबेरने १९३५ साली त्याच्यासाठी रचलेल्या कॉन्चेर्तिनोत हे स्वर मोकळ्या हाताने पेरले. बाकीच्यांसाठी खालच्या सप्तकाची पळवाटही ठेवली आहे म्हणा.