पोते सरकारचे, पाठ कोणाची?

“रेशनचे धान्य आता फुकट झाले,” हे वाक्य हल्ली गावोगावच्या पारावर ऐकू येते. कोणी ते समाधानाने म्हणतो, कोणी कुत्सितपणे म्हणतो. ज्यांच्या घरी रेशनची पिशवी कधी गेली नाही असे बाबूलोक तर पुढे जाऊन सांगतात की, फुकट खाऊन खाऊन खेड्यातला माणूस आळशी बनला. या शहाण्यांना आमचा एकच सवाल आहे. हे फुकटचे धान्य पंजाबातून आमच्या गावापर्यंत आपल्या पायांनी चालत येते काय? येत नसेल, तर ते ज्याच्या पाठीवरून येते त्या माणसाचा हिशेब तुमच्या वहीत कोणत्या पानावर आहे?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तो हिशेब आज आपणच मांडू. मी खेड्यातला शाळामास्तर. मला मोठे अर्थशास्त्र येत नाही, पण त्रैराशिक येते, आणि या कामास तेवढे पुरेसे आहे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील दर माणशी महिन्याला ५ किलो, आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला. २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत मिळू लागले. हे धान्य ५० किलोच्या पोत्यातून येते. म्हणजे एक पोते हे दहा माणसांचे महिन्याचे धान्य झाले. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोरास दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला आहे, म्हणजे तेच एक पोते पाचशे पोरांचे एका वेळचे जेवण झाले. आता एका हमालाने दिवसाकाठी दोनशे पोती वाहिली असे धरा. दोनशे पोती म्हणजे दहा हजार किलो, म्हणजे दहा टन. एका माणसाच्या मणक्यावरून एका दिवसात दोन हजार लोकांचे महिन्याचे अन्न गेले! अन्नदानाची पुण्याई सांगणारे पुष्कळ भेटतात. इतके अन्न खरोखर उचलून देणारा मात्र संध्याकाळी गोदामाच्या बाहेर उकिडवा बसून बिडी ओढत असतो, आणि त्याला कोणी ‘अहो’ सुद्धा म्हणत नाही.

बरे, हे पोते एकदाच उचलले जाते असेही नाही. पंजाब-हरियाणाच्या मंडीत ते गाडीत चढते, तिथल्या गोदामात उतरते. पुन्हा गाडीत चढते आणि रेल्वेच्या वाघिणीत जाते. मनमाडसारख्या ठिकाणी अन्न महामंडळाची मोठी कोठारे आहेत. तेथे वाघिणीतून उतरते, थप्पीला लागते. मग तालुक्याच्या गोदामासाठी पुन्हा गाडीत चढते, तेथे उतरते, आणि शेवटी रेशन दुकानाच्या किंवा शाळेच्या दारात येते. सरळ मोजले तरी आठ-दहा वेळा ते माणसाच्या अंगावरून जाते. एका मालगाडीत अडीच हजार टनांच्या वर माल असतो, म्हणजे पन्नास हजारांहून अधिक पोती. ती रेल्वेने नेमून दिलेल्या तासांत खाली झाली नाहीत तर दंड चढतो. म्हणून गाडी रात्री दोनला लागली तरी टोळीला दोनला उठावे लागते. आणि गाडी आली नाही तर? तर त्या दिवशी काम नाही, आणि काम नाही म्हणून दामही नाही. दिवसभर मात्र गोदामाच्या फाटकाशी बसून राहावे लागते. कारण उठून दुसरीकडे गेले आणि गाडी लागली, तर मुकादम दुसरा गडी घेतो.

आता आत चला. पत्र्याचे उंच छप्पर, वर लहान झरोके. चैत्र-वैशाखात आत भट्टी होते. तागाची कूस आणि धान्याची धूळ हवेत तरंगत असते, ती नाकाघशात बसते, आणि वर्षानुवर्षे खाल्ली की कित्येकांना दमा देते. हमालाच्या डोक्यावर रिकाम्या बारदानाची खोळ असते. पाय अनवाणी असतात, कारण पोत्यांच्या पायऱ्यांवर चढताना चप्पल घसरते. दोघे गडी पोते उचलून पाठीवर देतात आणि तिसरा ते घेऊन थर चढत जातो. दहा थर, पंधरा थर, वीस थर. पहिले पोते हलके वाटते. शंभरावे पोतेही तेवढ्याच वजनाचे असते, पण तोवर गुडघे बोलू लागलेले असतात.

यावर काही पंडित म्हणतील की ही नुसती अंगमेहनत, यात अक्कल ती कसली? त्यांनी एकदा थप्पी लावून दाखवावी. गवंडी जसा विटांचा सांधा मोडून भिंत बांधतो, तसा हमाल एक थर आडवा, एक थर उभा बांधत जातो. कड ओळंब्यात राखावी लागते. पोत्याचे तोंड आत, बूड बाहेर. थप्पी अशी लागते की साहेबाने खाली उभे राहून लांबी, रुंदी आणि थर मोजले की हजारो पोत्यांची गणती जागच्या जागी होते. सरकारचा सारा साठा या ‘अडाणी’ माणसाच्या बांधणीवर मोजला जातो! आणि बांधणी चुकली तर थप्पी झुकते व कोसळते. तिच्या खाली साहेब कधी सापडत नाही.

दुसरे संकट डोळ्यांना दिसत नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून थप्पीवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून आत विषारी गोळ्या ठेवतात. आपल्या घरच्या कणगीत ठेवतात त्याच जातीच्या त्या गोळ्या. हवेतील ओल लागली की त्यांतून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. किडा मारणारा वायू माणसाला ओळखत नाही. डोके दुखते, मळमळते, धाप लागते. जास्त झाला तर छाती व हृदय धरून माणूस जातो. आच्छादन सुमारे आठवडाभर ठेवावे, काढल्यावर गोदाम पुरते उघडून वारा खेळू द्यावा, मगच माणूस आत घालावा, ही रीत पुस्तकात आहे. परंतु गाडी फाटकाशी उभी असली की ही रीत कोणाला आठवते? हमालाला तर त्या गोळीचे नावही कोणी सांगितलेले नसते.

आणि त्या बाया? सांडलेले दाणे झाडून, चाळून, पाखडून पुन्हा पोत्यात भरणाऱ्या आमच्या भगिनी दिवसभर त्या धुळीत बसतात. हमालाचे नाव कोठे तरी असते. यांचे नाव पुष्कळदा कोणत्याच वहीत नसते.

एवढे कष्ट, तर मोबदला काय, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर सरकारच्याच कागदात आहे. २०१४ साली केंद्र सरकारने अन्न महामंडळाच्या सुधारणेसाठी शांताकुमार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि २०१५ च्या जानेवारीत तिने अहवाल दिला. त्यात असे आढळते की, महामंडळाच्या कायम खात्यातील हमालामागे महिन्याला सुमारे ७९,५०० रुपये खर्च पडतो, महामंडळाकडून थेट मजुरी घेणाऱ्यामागे सुमारे २६,००० आणि ठेकेदाराच्या हमालामागे सुमारे १०,०००. शिवाय ऑगस्ट २०१४ मध्ये तीनशेहून अधिक हमालांना, थकबाकी धरून, चार लाखांवर रक्कम मिळाली. झाले! चोहीकडे गिल्ला झाला की, हमाल राष्ट्रपतीपेक्षा जास्त पगार घेतो. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयातही हा सवाल निघाला.

आमचे म्हणणे ऐकून घ्या. चार लाख घेणाऱ्यांची तरफदारी आम्ही करीत नाही. जादा पोत्यांच्या बक्षिसीचा फायदा घेऊन, स्वतः घरी बसून, आपल्या नावावर दुसऱ्या गरिबाला राबवायचे, असे प्रकार चालत, हे त्याच अहवालात लिहिले आहे. नाव एकाचे आणि पाठ दुसऱ्याची, ही हमाली नव्हे, ही सावकारी आहे. ती करणारा आमच्या जातीचा, आमच्या गावचा असला तरी तो आमचा नव्हे. परंतु त्याच ओळीत तिसरा आकडा होता. पोते तेच, पाठ तशीच, आणि खर्च दहा हजार! चार लाखांचा आकडा पाहून ज्यांची झोप उडाली, त्यांना दहा हजारांचा आकडा पाहून गाढ झोप कशी लागली? दोन आकड्यांमधून शहाण्याने असा धडा घेतला असता की, वरची लूट बंद करू व खालच्याला वर आणू. यांनी धडा घेतला तो असा की, ठेकेदाराचा हमाल स्वस्त पडतो, तर सगळेच ठेक्याने द्यावे. हा न्याय नव्हे, हा बाजार आहे.

ठेका म्हणजे काय ते पाहा. महामंडळ ठेकेदाराला देते, ठेकेदार पोटठेकेदाराला, तो मुकादमाला, आणि उरलेसुरले हमालाला. उसाचा रस चार घाण्यांतून काढल्यावर चिपाड उरते, तसे ते दाम. आमच्याच तालुक्याच्या एका गोदामावर माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील थप्पीवरून घसरले आणि कंबर मोडून घरी पडले. त्यांच्यासाठी अर्ज मी लिहिला. ठेकेदाराने सांगितले की, त्या दिवसाच्या हजेरीत हे नाव नाही. गोदामवाल्यांनी सांगितले की, माणूस ठेकेदाराचा, आमचा नव्हे. पोते मात्र दोघांच्याही वहीत बिनचूक नोंदलेले होते! पोत्याला धनी आहे, पडलेल्या माणसाला नाही. तो मुलगा सातवीतून उठला आणि बापाच्या जागी टोळीत गेला. गणितात पहिला येणारा पोरगा. आता तो पोती मोजतो.

बंधूंनो, हे प्रारब्ध आहे असे कोणी सांगेल तर त्याच्या तोंडाकडे पाहू नका. यावर उपाय निघालेला आहे, आणि तो याच मुलुखात निघालेला आहे. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथ्यावर ओझे वाहणाऱ्या आपल्या माणसांना एकत्र बांधले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली आणि ‘कष्टाची भाकर’ घालून हमालाच्या पोटालाही आधार दिला. अशा झगड्यांतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची युक्ती साधी आहे. मालक आणि टोळी, दोघांची नोंद मंडळात. मालकाने मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती हमालाला द्यायची, आणि लेव्हीतून त्याचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा चालवायची. रोज नवा धनी असलेल्या माणसालाही म्हातारपणी दोन पैसे मिळतात, ते यामुळे. यात मधल्या दलालाला जागा नाही, म्हणूनच त्याला हा कायदा डोळ्यांत सलतो.

हल्ली ओरड आहे की माथाडीच्या नावावर गुंड खंडणी मागतात. मागत असतील तर त्यांना तुरुंगात घाला, आम्ही टाळ्या वाजवू. पण देवळात चोर शिरला म्हणून कोणी देऊळ पाडत नाही. मग हमालाचाच कायदा तेवढा मोडण्याची घाई कशाला?

आणखी म्हणतात, आता यंत्रे आली, हमाल लागणारच नाही. पंजाबात मोगा व हरियाणात कैथल येथे पोलादी कोठारे उभी आहेत, धान्य पोत्याविना मोकळेच भरता येते. फार उत्तम! माणसाच्या मानेवरचे ओझे यंत्राने जरूर उतरावे. पूर्वी शंभर किलोचे पोते असे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषास ५५ किलोची मर्यादा सुचविली, हमालांच्या संघटना भांडत राहिल्या आणि आज पोते पन्नासावर आहे. ओझे कमी झाल्याने देश बुडाला नाही. मात्र यंत्राने ओझे उतरवावे, ताटातली भाकर उतरवू नये. ज्याने चाळीस वर्षे पोते वाहिले, त्याच्या पोराला ते यंत्र चालवायला शिकवा.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. गोदामात पोते उचलणाऱ्या प्रत्येकाचे आणि झाडणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव मंडळाच्या वहीत चढावे. मजुरी त्याच्या स्वतःच्या खात्यात, पोत्यांच्या गणतीच्या चिठ्ठीसह पडावी. ज्याच्या आवारात माणूस पडला त्याने औषधपाण्याची व भरपाईची जबाबदारी घ्यावी. गोळ्या घातलेल्या गोदामावर ठळक मराठीत पाटी लागावी आणि वारा खेळल्याखेरीज आत कोणास घालू नये. गाडीची वाट पाहणाऱ्यांना सावली, पाणी व संडास असावा.

हे सरकारने करावयाचे. आपण करावयाचे ते याहून सोपे आहे. टोळीने स्वतःची वही ठेवावी, आणि शाळेत शिकणाऱ्या पोराने रोज संध्याकाळी तीत बापाची पोती मांडावी; मुकादमाची वही आणि ही वही जुळली पाहिजे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. मजुरी सुटल्यावर गुत्त्याच्या वाटेने घरी येऊ नये. गाव सोडून हमालीला गेलेला आपला कोष्टी, कुंभार, कुणबी, महार एका टोळीत जेवतो, तसाच एका संघटनेतही बसला पाहिजे. आणि रेशन दुकानात पोते उतरवणारा घामेजून उभा असेल, तेव्हा त्याला ‘अरे’ म्हणून हाक मारू नका, पाण्याचा तांब्या द्या.

धान्य मोफत मिळो, आम्हांस त्याचा आनंदच आहे. पण मोफत धान्याच्या पोत्याखाली वाकलेला माणूसही मोफत आहे, असा समज करून घेणाऱ्यांना सांगून ठेवतो : ही पाठ एक दिवस सरळ होईल, आणि मग तुमच्या वहीत तिचा हिशेब मांडावाच लागेल.

— एक शाळामास्तर