गड्डीला डोळे नसतात

"मामा, एक्क्यांची जोडी होती हातात. एक्क्यांची!"

आमचा भाचा गोव्याला मांडवीतल्या बोटीवर पोकरची स्पर्धा खेळायला गेला आणि हरून सांगलीला परत आला. तेव्हापासून विश्रामबागेत जो भेटेल त्याला हा डाव ऐकावा लागतो. त्याच्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे. दोघांनीही होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स पुढे सारल्या आणि हातातली पानं उघडी केली. टेबलावर पाच पानं पडायची असतात. चार पडली, त्यांत राजा नव्हता. गड्डीतली न दिसलेली पानं उरली 44, त्यांत राजे दोनच. म्हणजे हाच डाव बावीसदा मांडला तर एकवीसदा हा जिंकणार. पाचवं पान आलं ते चौकटचा राजा!

पोकरवाले याला 'बॅड बीट' म्हणतात. अशा डावांच्या कहाण्या ते एकमेकांना रात्र रात्र सांगत बसतात, आणि ऐकणारा आपली कहाणी सांगायची पाळी कधी येते याची वाट बघत असतो. मी ऐकून घेतो, कारण पोराचं काही चुकलं नव्हतं हे खरंच आहे. पण त्याची फारशी कीव येत नाही. गड्डीला डोळे नसतात. तिनं त्याचं मुद्दाम वाकडं केलेलं नाही. हरला, पैसे गेले, विषय संपला.

माझी तक्रार वेगळी आहे. याच 'नशिबात नव्हतं'च्या खात्यात आपण भलत्या गोष्टीही खपवतो. आमच्या कृष्णाकाठचीच दोन माणसं घ्या: सांगलीत जन्मलेले क्रिकेटपटू विजय हजारे आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव.

हरताना चांगलं कसं खेळावं हे शिकायचं तर हजाऱ्यांकडून. 1943 च्या डिसेंबरात मुंबईच्या पंचरंगी, म्हणजे धर्मवार संघांच्या, सामन्यांची अंतिम लढत झाली. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद 250. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'रेस्ट' संघात. त्या संघाचा पहिला डाव 133 मध्ये आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या धावा झाल्या 387 आणि त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेक एक बाजू धरून उभा राहिला. दोघांची भागी 300 ची, त्यात विवेकच्या 21. एवढं करून सामना गेला तो एक डाव आणि 61 धावांनी! पुढे 1948 च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत 116 आणि 145 केल्या. भारतीयानं कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं करायची ती पहिली वेळ. ती कसोटीही आपण डावानं हरलो.

पण यात नशिबाचा संबंध नाही. समोरचा संघ भारी होता, एवढंच. एका माणसानं कितीही ओढलं तरी गाडा तेवढाच सरकतो. हजाऱ्यांनीही याचा कधी बाऊ केला नसावा. माणूस अबोल होता.

1949 च्या फेब्रुवारीतली मुंबईच्या ब्रेबॉर्नवरची गोष्ट मात्र निराळी. वेस्ट इंडिजविरुद्धची पाचवी कसोटी, जिंकायला 361. भारतानं तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. हजाऱ्यांनी 122 केल्या, रूसी मोदींनी 86, शेवटी दत्तू फडकर लढत होते. 8 बाद 355. सहा धावा हव्या होत्या. आणि पंचांनी बेल्स उचलल्या! षटकातला एक चेंडू बाकी होता, घड्याळात दीड मिनिट बाकी होतं. गडबडीत पंचांची मोजणी चुकली. सामना अनिर्णित, मालिका वेस्ट इंडिजची. त्या एका चेंडूवर षटकार बसला असता की नाही, कोण सांगणार? बसला नसता असंच धरून चाला. पण चेंडू पडायला तर हवा होता. भाच्याला पाचवं पान दिसलं तरी. इथे ते वाटलंच नाही.

खाशाबांची हकीकत याहून कडू आहे, आणि सातारा जिल्ह्यात ती पोराटोरांना पाठ आहे. निदान पदकापर्यंतची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं तर पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्याआधी निवडीतही घोळ झाला होता. मद्रासच्या कुस्तीत आपल्याला मुद्दाम एका गुणानं मागं टाकलं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. हा गडी 'नशीब' म्हणून गप्प बसला नाही. थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, निवडीतला प्रतिस्पर्धी निरंजन दास याच्याशी कुस्ती लावून घेतली आणि त्याला पाडलं.

हेलसिंकीला 57 किलोच्या गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. मग जपानचा शोहाची इशी. ती लांबलेली कुस्ती खाशाबा हरले. पुढचं सगळीकडे सांगितलं जातं ते असं: अंगावरचा घाम वाळायच्या आत पुकारा झाला, आता सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोवशी लढा. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो बोट ठेवून दाखवायला तिथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता. दमलेला गडी गादीवर उतरला आणि हरला. इशीला सुवर्ण, मामदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

अर्धा तास म्हणजे काय, ते कुंडलच्या कुस्ती मैदानात बसलेल्या कुणालाही विचारा. छाती भात्यासारखी हलत असते, पकड सुटायला लागते, आणि ढाक मारायला कंबरेत जोर लागतो तो आधीच संपलेला असतो. ढाक ही तर खाशाबांची हुकमी चाल. जत्रेच्या फडात असं झालं असतं तर वस्तादानं आखाड्यात उडी घेतली असती, "पोराला दम खाऊ द्या" म्हणून पंचांशी भांडला असता आणि चार गावची माणसं त्याच्या मागं उभी राहिली असती. हेलसिंकीत सबंध देशाकडे असा एक वस्ताद नव्हता. गावानं वर्गणी काढून आणि प्राचार्यानं घर गहाण टाकून ज्याला पाठवलं, त्याच्या बाजूनं दोन शब्द बोलायची जबाबदारी ज्यांची होती, ते जागेवर नव्हते.

याला नशीब म्हणायचं? मी म्हणणार नाही. नशीब म्हटलं की ती रिकामी खुर्ची कुणाची होती, हे विचारायची गरजच उरत नाही. मद्रासला दाद मागायला पतियाळा होतं, म्हणून तिथलं 'नशीब' फिरलं. हेलसिंकीला दाद मागायची ती कुणाकडे?

स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं मिळायला 1996 उजाडलं. कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पंधरा मिनिटांची वाट, सात तास लागले. नंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं. सरकारकडून मात्र कौतुक उशिराच आलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 साली, ते जाऊन सोळा वर्षं झाल्यावर.

हजाऱ्यांचा हिशोब त्याच 1952 सालात चुकता झाला. फेब्रुवारीत मद्रासला त्यांच्याच नेतृत्वाखाली आपण पहिली कसोटी जिंकलो, इंग्लंडला एक डाव आणि 8 धावांनी हरवून. विनू मांकडांनी बारा बळी घेतले, आणि या वेळी घड्याळाकडे बघायची पाळीच आली नाही.

खाशाबांना तशी संधी मेलबर्नला, 1956 मध्ये होती. तयारी चालू होती आणि गुडघा गेला. यात ना पंच, ना अधिकारी, ना घड्याळ. त्याला खुशाल नशीब म्हणा.