परीस वाचताना



गेल्या महिन्यात आम्ही शहापूरहून मुरबाडला बहिणीकडे गेलो होतो. मगरिबनंतर चहा झाला आणि तिने एक जाडजूड पुस्तक आणून आमच्या पुढ्यात ठेवले. "भाईजान, ही पोर रात्रंदिवस यात डोकं खुपसून असते. सगळी जादूची गोष्ट. जादू आपल्यात हराम ना? हे घरात ठेवायचं की नाही, तुम्हीच सांगा." दाराआड सातवीतली भाची उभी होती. तिचे अब्बा जाऊन वर्ष झाले आहे.

न वाचता निकाल देणे आम्हाला जमेना. 'हॅरी पॉटर आणि परीस' पिशवीत टाकून परतीची एसटी धरली. जे. के. रोलिंग यांच्या ७ कादंबऱ्यांच्या मालिकेतली ही पहिली कादंबरी. मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ साली आले. आई-बाप गमावलेला, मावशीच्या घरी जिन्याखालच्या कोनाड्यात झोपणारा हॅरी अकराव्या वाढदिवसानंतर जादूच्या शाळेत जातो, अशी ही कथा.

बहिणीची काळजी खोटी नाही. सूरह बकरामध्ये हारूत-मारूतच्या प्रसंगात सिहरबद्दल स्पष्ट ताकीद आहे. करणी काढतो म्हणून गरिबांना लुबाडणारे बाबा तर आपणही पाहतो. २०१३ साली महाराष्ट्राला त्यासाठी कायदा करावा लागला. पण लोकांना फसवणारी जादू वेगळी आणि गोष्टीतली जादू वेगळी. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा पहिला खंड १८८३ मध्ये लखनौच्या नवलकिशोर प्रेसने छापला. अमर अय्यारच्या झंबीलमध्ये अख्खी दुनिया मावत असे. ती ऐकून आपल्या आजा-पणजांनी काही जादू शिकली नाही. पोटभर हसले आणि इशाला उठले.

पुस्तकातले सगळेच आम्हाला रुचले असे नाही. झाडूवर बसून खेळायच्या सामन्यांची पाने आम्ही भराभर उलटली. एक गोष्ट मात्र टोचली. शाळेत पहिल्याच दिवशी एक टोपी मुलांची चार गटांत वाटणी करते आणि स्लिदरिन गटातली पोरे जवळपास सगळीच वाईट दाखवली आहेत. नावावरून माणूस ठरवला जाणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना कुणी समजावून सांगायला नको. मुलांशी यावर जरूर बोलावे.

आणि मग तो आरसा आला. त्यात पाहणाऱ्याला मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते. हॅरीला त्यात आई-वडील दिसतात. तो रात्री-रात्री जाऊन आरशासमोर बसतो. शेवटी मुख्याध्यापक त्याला समजावतात, की या आरशापुढे बसून माणसे झुरून गेली आहेत. स्वप्नात गुंतून जगणे विसरू नये. इतक्या जादूच्या पुस्तकात गेलेले माणूस परत आणणारी जादू नाही. शेवटी, आयुष्य वाढवणारा तो परीससुद्धा नष्ट केला जातो.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा भाचीला विचारले, "तुला कुठलं पान आवडलं?" तिने न शोधता आरशाचेच पान उघडले. "मामू, मला त्यात अब्बा दिसले असते."

आम्हाला काही क्षण बोलता आले नाही. मग एवढेच सांगितले, की माणूस गेल्यावर त्याचे अमल थांबतात, पण नेक औलादीची दुआ पोहोचत राहते. "तू हात उचलतेस ना, ते त्यांच्याकडे जातं. आरशातून काही जात नाही." बहीण दारात उभी होती. तिने पदराने डोळे पुसले.

"ठेव घरात," आम्ही तिला म्हणालो. "पण तूही वाच. पोर यात जादू शोधत नाहीये."

परवा फोन आला. बहीण निम्म्यापर्यंत पोचली आहे. हॅरीच्या मावशीवर तिचा भयंकर राग आहे.