पाण्यातून खुर्चीकडे

परवा घोडेगावला एका लग्नात जुना विद्यार्थी भेटला. पाया पडून म्हणाला, "बाई, तुम्ही वेळीच पाण्यातून बाहेर काढलंत, म्हणून आज सरकारी नोकरीत आहे." कौतुकानंच म्हणाला हो, पण रात्री मला काही झोप लागेना.

डिंभे धरणाच्या काठचा हा पोरगा. मूळ आंबेगाव त्याच पाण्याखाली गेलेलं. मासोळीसारखा पोहायचा, उताणा पडून नुसत्या पायांनी कुठल्या कुठे जायचा. "पोहून पोट भरणार आहे का?" असं मी त्याला वर्गात सर्वांदेखत विचारलं होतं.

हे आठवलं की मला कोल्हापूरचा वीरधवल खाडे आठवतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा सतरा वर्षंही पुरी नव्हती. २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य, जलतरणात २४ वर्षांनी भारताला मिळालेलं पदक. आपण काय दिलं? तहसीलदाराची खुर्ची. चांगलीच गोष्ट, पण ऐन उमेदीची काही वर्षं त्याचं पोहणं मागं पडलं. तरी गडी परत आला. २०१८ ला जकार्तात ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा, कांस्य हुकलं ०.०१ सेकंदानं! २०२३ ला गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण घेऊन थांबला. तो शंभरावा भाग कुठल्या फायलीत अडकला असेल, असं माझ्या मनात येतं. पुरावा नाही, म्हातारीचा तर्क समजा.

उलट हंगेरीची क्रिस्टिना एगरसेगी पाहा. उताणं पोहण्यातली राणी. १९८८ ला सोलमध्ये चौदाव्या वर्षी सुवर्ण, १९९२ ला बार्सिलोनात तीन, १९९६ ला अटलांटात आणखी एक. मग बाविसाव्या वर्षी निवृत्त. पोहण्याच्या वयात पोहली, एवढंच. हंगेरीला समुद्र नाही आणि माणसं आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, कोटीच्या आतबाहेर.

आमच्याकडे पाणी कमी आहे का? येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे... दोन तालुक्यांत पाच धरणं. पण मोठ्या स्पर्धेच्या तलावासाठी बालेवाडी गाठायची. नोकरी जरूर द्या, पण पोहण्याची वर्षं संपल्यावर रुजू करून घ्या, तोवर पगार देऊन सरावाला सोडा. आणि जुन्नर-मंचरकडे एखादा पंचवीस मीटरचा तलाव आणि शिकवणारा माणूस द्या. समाजमंदिरं पुष्कळ झाली.

असो. लग्नात त्याची दहा वर्षांची मुलगी बरोबर होती. "पोहता येतं का गं?" मी विचारलं. ती बापाकडे बघू लागली.

"नाही बाई," तोच म्हणाला, "आम्ही तिला पाण्याकडे फिरकूच देत नाही."