पहारेकऱ्याच्या कंदिलातील तेल

अहिल्याबाई होळकरांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७६७ ते १७९५ या काळात, विंध्य-सातपुड्याच्या घाटवाटा व्यापाऱ्यांना आणि यात्रेकरूंना निर्धोक नव्हत्या. बाईंनी प्रसंगी कठोरपणा दाखवला; पण केवळ शिक्षेवर विसंबून त्या थांबल्या नाहीत. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर 'भिलकवडी' ही अल्पशी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला आणि त्याच्या मोबदल्यात वाट राखण्याची व चोरीस गेलेला माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. सर जॉन माल्कमने ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. रक्षणाचे काम ज्याच्यावर सोपवायचे त्याच्या पोटाची आणि साधनांची तजवीज आधी करायची, एवढे व्यवहारज्ञान त्या साध्वीला होते. आजच्या राज्यकर्त्यांना ते उरले आहे काय, असा प्रश्न त्याच होळकरांच्या इंदुराकडे पाहताना पडतो.

२०११ च्या जनगणनेत इंदूर शहराची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या पुढे गेली होती. त्यानंतर शहर चारही दिशांना पसरले आहे. रंगपंचमीच्या गेरीला राजवाड्यासमोर लोटणारा जनसागर आणि अनंत चतुर्दशीला गिरणीकामगारांच्या परंपरेतून आलेली रात्रभराची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तेथील पोलीस शिपायावरील भार सांगावयास नको. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत जुनी इंदूर ठाण्याचे प्रभारी निरीक्षक कर्तव्यावर असतानाच त्या रोगाला बळी पडले, हेही विसरण्याजोगे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये भोपाळबरोबर इंदुरातही पोलीस आयुक्तालय आले. अधिकाऱ्यांना दंडाधिकाऱ्यांचे काही अधिकार मिळाले, पाट्या बदलल्या. परंतु पाटी बदलल्याने शिपाई वाढत नाही. मध्य प्रदेशात पोलिसांना आठवड्याची सुट्टी देण्याचा निर्णय २०१९ च्या आरंभी झाला आणि २०२३ मध्ये तो पुन्हा करावा लागला. जी सुट्टी दोनदा जाहीर करावी लागते, तिच्या आड मनुष्यबळाचाच तुटवडा असतो.

हा तुटवडा आकाशातून पडलेला नाही. राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राची योजना १९६९-७० पासून चालत आली होती. २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने ज्या आठ योजनांचे साहाय्य काढून घेतले, त्यांत हीही होती. कारण सांगण्यात आले की चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आहे, तेव्हा राज्यांनी आपले पाहावे. युक्तिवाद कागदावर बिनतोड होता. पोलीस हा विषय राज्यसूचीतलाच. पण मोकळ्या हाती आलेला पैसा पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचत नाही, कारण ठाण्याच्या नावाने मते मागता येत नाहीत. केंद्रालाही हे उमगले असावे. सप्टेंबर २०१७ मध्ये ही योजना नव्या छत्राखाली पुन्हा आणण्यात आली. पुढे २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या पोलीस आधुनिकीकरणाकरिता केंद्राने ४,८४६ कोटी रुपये ठरवले. देशात सतरा हजारांहून अधिक पोलीस ठाणी आहेत. भागाकार केला तर ठाण्यामागे वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम येते. तेवढ्यात एक जीपगाडीही धड येत नाही!

मिळकत अशी, आणि जबाबदाऱ्या मात्र वाढत्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडती-जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण तिने आवश्यक केले आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी जावा, असे बंधन घातले. तज्ज्ञांच्या तरतुदीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु तज्ज्ञ, प्रयोगशाळा, उपकरणे आणि ती हाताळण्याचे शिक्षण फुकट येत नाही. पोलीस खर्चाचा बहुतेक भाग पगार आणि निवृत्तिवेतनातच जातो. म्हणून तरतुदीला कात्री लागली की ती पगारावर चालत नाही. ती चालते शिक्षणावर, वाहनांवर, इंधनावर आणि नव्या भरतीवर. देशभरात मंजूर पदांपैकी साधारण पाचातले एक रिकामे राहत आले आहे, ते उगाच नव्हे.

सरकार ज्याला बचत म्हणते ती बचत नसते. तो खर्च दुसऱ्याच्या खिशात ढकललेला असतो. ठाण्यात गाडी नसली की फिर्यादीला गाडी आणायला सांगितले जाते. श्रीमंत माणूस खाजगी पहारेकरी ठेवतो. सोसायटीला फाटक बसवतो. ज्याच्याजवळ फाटक नाही, त्या गिरणीकामगाराच्या विधवेने, रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेने कोणाकडे जावे? काटकसरीचा पहिला घाव नेहमी याच माणसांवर बसतो.

यावर कोणी म्हणेल की पोलीस लाचखोर आहेत, उद्धट आहेत; त्यांना आणखी पैसा कशाला? आरोप निराधार नाही, आणि पोलिसांची वकिली करण्याची आमची इच्छाही नाही. पण उपाशी ठाणे अधिक प्रामाणिक होते, हा शोध कोणी लावला? सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात जे आदेश दिले, त्यांत तपासाचे काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळे करण्याचा आदेश होता. तो पाळायचा तर माणसे वाढवावी लागतात. सुधारणेचा मार्गही तिजोरीवरूनच जातो. मंजूर निधी राज्ये पुरता खर्च करत नाहीत, हा महालेखापरीक्षकांचा ठपकाही खरा आहे. मात्र त्याचा उपाय खर्चाचा हिशेब वेळेवर मागणे हा आहे, निधीच आटवणे हा नव्हे.

इंदूर दूर आहे म्हणून आपण किनाऱ्यावरच्यांनी स्वस्थ बसावे, असेही नाही. १९९३ च्या आरंभी दिघी आणि शेखाडीला स्फोटके उतरली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मारेकरी समुद्रमार्गेच मुंबईत शिरले, आणि तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबला धरून आपले प्राण दिले. सागरी सुरक्षेची केंद्रीय योजना २००५ मध्ये मंजूर झाली. तिचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२० रोजी संपला. नौका विकत घेणे एक वेळ सोपे. त्या पाण्यात चालत्या ठेवण्याला दरवर्षी पैसा लागतो. हे किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला कळते, मंत्रालयाला कळत नाही!

आमचे म्हणणे थोडक्यात असे. नवे कायदे करताना त्यांचा खर्चही त्याच वेळी मंजूर करावा. केंद्राच्या साहाय्यातील ठरावीक भाग थेट ठाण्यांच्या गरजांसाठी राखून ठेवावा, आणि त्याचा हिशेब प्रत्येक अधिवेशनात विधानसभेपुढे यावा. रिक्त पदे भरल्याखेरीज नव्या आयुक्तालयांच्या घोषणा करू नयेत. काटकसर करण्याजोगी स्थळे सरकारी कारभारात पुष्कळ आहेत. जाहिरातींची पाने आणि मंत्र्यांच्या गाड्यांचे ताफे उघड्या डोळ्यांनी दिसतात. तेथे हात आखडता घ्यावा. पहारेकऱ्याच्या कंदिलातील तेल काढून देवघरात दिवाळी करणाऱ्याच्या घरी चोर आला, तर त्याने दोष कोणाला द्यावा?