नाच हाच व्यायाम?

परवा नातीला भरतनाट्यमच्या वर्गातून आणायला गेले, तर ही गुडघा धरून पायरीवर बसलेली. ताईंना विचारलं, मुलींकडून वेगळा व्यायाम करून घेता का? त्या हसल्या. "आजी, नाच हाच व्यायाम!"

मला नाही पटलं. अरमंडीत मांड्या खुब्यातून बाहेर वळायला हव्यात. तिथले स्नायू कच्चे असले की मुली नुसती पावलं वळवतात आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. वर कडक फरशीवर पाय आपटायचे! बैठका, टाचा उचलणं, एका पायावर तोल, पाठीवर झोपून कंबर उचलणं... आठवड्यातून दोनतीनदा वीस मिनिटं, एवढंच मागतेय मी.

हे परकं फॅड नाही बरं का! नाट्यशास्त्रात चारींच्या अध्यायातच भरतमुनींनी अंगाला तेल चोळून व्यायाम करायला सांगितलंय. केरळात कथकळी शिकणारी मुलं पहाटे उठून अंग कमावतात.

शाळेत मी म्हणत असे, पाया कच्चा तर गणित कच्चं. इथे तर पायच कच्चे! अरंगेत्रमच्या पोशाखावर, दागिन्यांवर आपण हजारो रुपये घालतो. गुडघाही विकत मिळतो म्हणा. तो कसा असतो, ते मला विचारा!