दर ठरवण्याचा अधिकार

सुरतेच्या दक्षिण टोकाला, उधना आणि सचिन या दोन औद्योगिक पट्ट्यांच्या मध्ये भेस्तान आहे. धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबं या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पुरुष मागावर किंवा रंगाईच्या मिलमध्ये राबतो. बाई घरात बसून साडीवर टिकल्या-खडे चिकटवते, लेस लावते, सुटे धागे कापते, हात बसला असेल तर जरदोसी भरते. रिंग रोडच्या बाजारात झळकणाऱ्या साडीवर शेवटचा हात तिचा फिरलेला असतो. तरीही ना व्यापाऱ्याच्या वहीत तिचं नाव असतं, ना सरकारच्या.

महिला सक्षमीकरणाचे सरकारी कार्यक्रम शिलाई यंत्राच्या वाटपाने सुरू होतात आणि बहुधा तिथेच संपतात. जणू बाईकडे कसबच नव्हतं! खानदेशातली बाई जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतच मोठी होते. सुरतेच्या जरीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते अशाच हातांच्या बळावर. कसब आहे, कष्ट आहेत. नाही तो दर ठरवण्याचा अधिकार. माल ठेकेदार आणतो, नगाचा भाव तोच सांगतो, डाग पडला तर पैसे तोच कापतो. मूळ व्यापारी कोण, हे अनेकींना ठाऊकही नसतं. त्यामुळे भांडायचं कुणाशी, हाच पहिला प्रश्न.

शांततेच्या दिवसांत ही व्यवस्था पिळवणूक करते. दंगलीत ती उपासमार घडवते. डिसेंबर १९९२मध्ये बाबरी मशीद पाडल्यानंतर सुरत पेटली, तेव्हा कामगारांचे लोंढे शहर सोडून गावाकडे निघाले. संचारबंदी लागली की ठेकेदार वस्तीत फिरकत नाही. जुनी बाकी अडकते, नवा माल येत नाही. कारखान्यातल्या माणसाला निदान मालकाचं दार ठाऊक असतं. घरात काम करणारीला तेही नसतं. अशा वेळी घराचा गाडा तिच्यावर आलेला असेल, तर तिच्या हातातली कला एका दिवसात निरुपयोगी ठरते.

यातून वाट काढल्याचं उदाहरण गुजरातेतच आहे. १९७२मध्ये इला भट्ट यांनी अहमदाबादेत ‘सेवा’ ही असंघटित स्त्रियांची कामगार संघटना उभी केली. दंगलींनी वारंवार होरपळलेल्या दरियापूर भागात गिरण्यांच्या चिंध्यांपासून रजईच्या खोळी शिवणाऱ्या स्त्रिया या संघटनेत आल्या. त्यांनी व्यापाऱ्यांकडे दरवाढ मागितली आणि पुढे ‘सबिना’ ही स्वतःची सहकारी संस्था काढली. १९८५मध्ये शहर महिनोन्‌महिने धुमसत होतं, तेव्हा वस्तीत काम आणि धीर घेऊन जाणारं कुणीतरी होतं, ते या संघटनेमुळे. २००२च्या दंगलींनंतरही ‘सेवा’ने मदत छावण्यांत अन्नधान्यासोबत काम पोहोचवलं. हिंदू आणि मुसलमान कारागिणी एका संस्थेच्या सभासद असतात, एकाच दरासाठी भांडतात, तेव्हा शेजार टिकण्याचं ठोस कारण निर्माण होतं.

गाझातही १९५०पासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने ‘सुलाफा’ या नावाने पॅलेस्टिनी स्त्रियांच्या भरतकामाला काम आणि बाजार मिळवून दिला. त्या भरतकामाला २०२१मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. पण नाकेबंदी आणि युद्धापुढे मानपत्र पोट भरत नाही. कलेचा गौरव आणि कारागिणीचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिल्यावर समाधान मानत आलो आहोत.

घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवा, असं सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६चा. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली, वेतन संहितेत नगावारी कामाचं किमान वेतन ठरवण्याची सोय आहे. मात्र २०२३च्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, पण जरी भरणारी आणि साडी सजवणारी नाही. ही उणीव भरून काढलीच पाहिजे.

गुजरात सरकारने साडीवरच्या प्रत्येक हातकामाचा किमान दर जाहीर करावा आणि माल देताना दर, नग व तारीख लिहिलेली चिठ्ठी सक्तीची करावी. व्यापारी संघटनांनी ठेकेदारांची नोंद ठेवून थकलेल्या मजुरीची जबाबदारी घ्यावी. सुरत महापालिका मराठी शाळा चालवते. त्यांच्या इमारती शाळा सुटल्यावर या स्त्रियांच्या सहकारी संस्थांना काम आणि सभांसाठी द्याव्यात. आणि सुरतेतल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवाइतक्याच हिरिरीने या बायकांच्या नोंदणीचं काम अंगावर घ्यावं. भेस्तानच्या बाईला कुणी सक्षम करण्याची गरज नाही. तिच्या कामाचा दर ठरताना तिला तिथे बसण्याचा हक्क हवा, आणि तो मिळवून देणं हे सरकार, बाजार आणि समाज या तिघांचंही कर्तव्य आहे.